स्मिथ, जोन्स आणि मॅकडोनाल्ड

परगावचा माणूस घरी आला म्हणजे आपण त्याचे नाव विचारतो. नाव सांगून झाले तरी आपले समाधान होत नाही, लगेच दुसरा प्रश्न येतो, "आडनाव काय?" आडनाव कळले म्हणजे माणूस कुठला, कुणातला, कोणत्या घराण्यातला, हे सारे कळून चुकले असे आपण मनाशी धरून चालतो. या समजुतीच्या मुळाशी एक गृहीत असते. आडनाव ही रक्ताची खूण आहे, आणि ज्या आडनावाची माणसे पुष्कळ, ते घराणे मोठे व जुने, असे ते गृहीत. ते कितपत खरे आहे हे आपल्याच आडनावांवर तपासू गेलो तर ज्याचा त्याचा अभिमान आडवा येतो. म्हणून आज जरा लांबचा देश घेऊ. ब्रिटनमधील आडनावांची मोजदाद दीडशे वर्षांहून अधिक काळ होत आली आहे, तेथील जुने कागद पुष्कळ शिल्लक आहेत, आणि त्या आडनावांशी आपले कसलेच सोयरसुतक नाही.

इंग्लंड व वेल्स यांच्या रजिस्ट्रार जनरलने १८५३ सालच्या आपल्या अहवालात सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांचा अंदाज दिला आहे. पहिला क्रमांक स्मिथचा. त्या आडनावाची माणसे सुमारे २,५३,६००. दुसरा क्रमांक जोन्सचा, सुमारे २,४२,१००. म्हणजे रस्त्याने जाणारी त्र्याहत्तर माणसे मोजली तर त्यांत एक स्मिथ निघावा आणि शहात्तर मोजली तर एक जोन्स. दोघांत अंतर थोडे. पण यातली मौज अशी की, स्मिथ हे मुख्यतः इंग्लंडचे आडनाव आणि जोन्स हे मुख्यतः वेल्सचे. आणि १८५१ च्या खानेसुमारीप्रमाणे वेल्सची वस्ती दोन्हींच्या एकूण वस्तीच्या पंधराव्या हिश्श्याएवढीच होती. एवढ्याशा डोंगराळ मुलखातून निघालेल्या आडनावाने अवघ्या इंग्लंडच्या लोहारांची बरोबरी करावी, हे कसे झाले? जोन्स नावाचे एखादे घराणेच एवढे फोफावले असेल काय? तसे मुळीच झालेले नाही. काय झाले ते समजण्यासाठी आधी इंग्लंडकडे पाहिले पाहिजे.

अकराव्या शतकापर्यंत इंग्लंडमध्ये सामान्य माणसाचे एका नावावर भागत असे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी देश जिंकला. त्यानंतर जुनी सॅक्सन नावे हळूहळू मागे पडली आणि विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, जॉन अशी मोजकीच नावे घरोघर ठेवली जाऊ लागली. एका गावात पाच-सात जॉन झाले म्हणजे लोक काय करणार? आपण जे करतो तेच त्यांनी केले. एक लोहार जॉन, दुसरा टेकडीखालचा जॉन, तिसरा रॉबर्टचा जॉन, आणि चौथा तांबड्या केसांचा जॉन. धंदा, ठिकाण, बाप आणि अंगचा विशेष, या चार झऱ्यांतून जवळजवळ सगळी इंग्रजी आडनावे आली आहेत. पण ही अजून आडनावे नव्हेत, ही उपनावे. लोहाराचा मुलगा सुतार झाला तर त्याला सुतारच म्हणत. उपनाव माणसाबरोबर मरते, आडनाव त्याच्यामागे उरते. आणि हे मागे उरणे तेराव्या-चौदाव्या शतकांत हळूहळू सुरू झाले. जमीन वारसाकडे जाऊ लागली, तिचे दस्तऐवज होऊ लागले, कर वसूल होऊ लागला. १३७७, १३७९ आणि १३८१ साली इंग्लंडच्या राजाने डोईपट्टी बसवली. तिच्यासाठी गावोगाव माणसांच्या याद्या झाल्या, आणि आज आडनावांच्या अभ्यासकांना त्या याद्यांएवढे मोलाचे दुसरे साधन क्वचितच सापडते.

मग इंग्लंडात स्मिथ, म्हणजे लोहार, पहिला का? त्या काळी दहांतले आठ-नऊ लोक शेतावर राबत होते. तेव्हा शेतकरी हे आडनाव पहिले यायला हवे होते. पण जिथे सगळेच शेतकरी, तिथे 'शेतकरी जॉन' म्हणून कोणता जॉन ओळखू येणार? उपनाव हे चारचौघांत वेगळे असेल तरच उपयोगी पडते. लोहार प्रत्येक गावाला लागतो, पण गावात तो बहुधा एकच असतो. गावात तो एकटा, म्हणून नाव त्याला चिकटले. आणि गावे हजारो, म्हणून देशात तेच नाव पहिले ठरले. हजारो गावांतल्या, एकमेकांशी काडीचेही नाते नसलेल्या लोहारांची लेकरे आज एका आडनावाखाली उभी आहेत.

धंद्याच्या आडनावांवरून प्रांतही ओळखता येतो. विणलेले लोकरीचे कापड पाण्यात भिजवून, पायांनी तुडवून घट्ट करावे लागे. हे काम करणाऱ्याला उत्तरेत आणि पश्चिमेच्या मध्य भागात वॉकर म्हणत, आग्नेयेकडे फुलर म्हणत, आणि नैर्ऋत्येकडे टकर. काम एक, शब्द तीन. त्या बोली आज पुसट झाल्या, वाफेच्या गिरण्या आल्या आणि गेल्या, तरी हे तीन शब्द आडनावांत जिवंत आहेत. बापाच्या नावावरून झालेल्या आडनावांचीही हीच गोष्ट. उत्तरेकडे मुलगा या अर्थाचा 'सन' स्वच्छ लागतो, रॉबिन्सन, जॅक्सन, थॉम्सन. दक्षिणेत आणि पश्चिमेत नुसत्या 'स' वर भागते, रॉबर्ट्स, रिचर्ड्स, विल्यम्स.

ठिकाणावरून झालेल्या आडनावांत यॉर्कशरची खोरी पाहावीत. तिथे वस्ती मोठ्या गावांत नव्हती. डोंगरउतारावर सुटी सुटी शेतघरे होती, आणि प्रत्येक घराला जागेवरून नाव होते. सटक्लिफ म्हणजे दक्षिणेकडचा कडा. ॲक्रॉइड म्हणजे ओकची झाडे तोडून मोकळी केलेली जागा. हॉब्जबरोबर इंग्लंडच्या डावाची सुरुवात करणारा हर्बर्ट सटक्लिफ आपल्याकडच्या जुन्या क्रिकेटप्रेमींच्या परिचयाचा आहे; तो यॉर्कशरचाच, यात आश्चर्य नाही. तसेच इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. तिथली ट्रे, पॉल, पेन अशी सुरुवात असलेली आडनावे कॉर्निश भाषेतली. ट्रे म्हणजे वस्ती, पॉल म्हणजे डोह, पेन म्हणजे टोक किंवा माथा. १८०४ साली रुळांवरून पहिले वाफेचे इंजिन चालवणारा रिचर्ड ट्रेव्हिथिक हा असाच कॉर्नवॉलचा. कॉर्निश भाषा पुढे लोकांच्या बोलण्यातून गेली. आडनावांत मात्र ती राहिली.

ही प्रांतवारी पहिल्यांदा बारकाईने लावली ती हेन्री गपी या गृहस्थाने. त्याचे पुस्तक १८९० साली निघाले. त्याने युक्ती अशी केली की, शहरे वगळून जिल्ह्याजिल्ह्यांच्या छापील याद्यांतली फक्त शेतकऱ्यांची नावे मोजली. कारण व्यापारी हलतो, कामगार हलतो, शेतकरी मात्र जमिनीला धरून असतो. आगगाड्या येऊन पन्नास वर्षे उलटल्यावरही जी आडनावे शेकडो वर्षांपूर्वी एखाद्या खोऱ्यात होती, ती तिथेच दाट असल्याचे त्याला दिसून आले.

आता वेल्सकडे वळू. वेल्श माणसाला आडनाव नव्हतेच. तो आपले नाव सांगे, 'अप्' म्हणजे 'चा मुलगा' म्हणे, बापाचे नाव सांगे, आणि गरज पडली तर आजा-पणज्यापर्यंत ती माळ लांबवीत नेई. ही काही भाटांची हौस नव्हती. वेल्सच्या जुन्या कायद्यात जमिनीवरचा हक्क वंशावरून ठरत असे. तेव्हा नाव हेच वंशाचे प्रमाणपत्र होते. पुढे १५३६ साली वेल्स इंग्लंडला कायद्याने जोडला गेला, इंग्रजी ही कोर्टाची भाषा झाली, आणि १५३८ साली टॉमस क्रॉमवेल या मंत्र्याने प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवण्याचा हुकूम काढला. कारकुनाला पाच पिढ्यांची माळ नको होती. त्याला एक नाव आणि एक आडनाव हवे होते. मग बापाचे जे नाव त्या पिढीत चालू होते, तेच गोठून आडनाव झाले. कुठे 'अप्' चा शेवटचा प तेवढा चिकटून राहिला. अप् रीस यांचे प्राइस झाले, अप् हॉवेल यांचे पॉवेल, अब् ओवेन यांचे बोवेन, अब् इव्हान यांचे बेव्हन. १९४८ साली ब्रिटनमध्ये सर्वांना मोफत औषधोपचार देणारी व्यवस्था उभी करणारा अन्यूरिन बेव्हन हा वेल्श खाणकामगाराचा मुलगा, आणि त्याच्या आडनावात तो जुना 'अब्' अजून बसलेला आहे.

वेल्सचे दुर्दैव असे की, हे गोठणे झाले त्या वेळी तिथली जुनी घरगुती नावे मागे पडली होती, आणि जॉन, विल्यम, डेव्हिड, टॉमस, इव्हान एवढ्याच नावांवर सारा देश चालला होता. बापांची नावे थोडी, म्हणून आडनावेही थोडी : जोन्स, विल्यम्स, डेव्हिस, टॉमस, इव्हान्स. जोन्स म्हणजे जॉनचा. गंमत अशी की, वेल्श भाषेच्या जुन्या वर्णमालेत ज हे अक्षरच नाही. वेल्श माणूस जॉनला 'शोन' म्हणे. म्हणजे वेल्समधले सर्वांत मोठे आडनाव ज्या अक्षराने सुरू होते, ते अक्षरच मुळी परके! त्या आडनावाची दाटी मोजणारा १८५३ चा अहवालही मग हात टेकून म्हणतो की, वेल्समधल्या बाजारात 'जॉन जोन्स' म्हणून पुकारा केला तर तो कोणालाच लागू पडणार नाही.

आपल्या देशाशी जोडलेला एक जोन्स इथे आठवतो. अँगलसी बेटावर शोन नावाच्या शेतकऱ्याला मुलगा झाला. त्याचे नाव विल्यम. जुन्या रीतीप्रमाणे तो शोनचा विल्यम, म्हणून विल्यम जोन्स. हा गणिती निघाला. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर दाखवण्यासाठी आपण शाळेत जे 'पाय' हे चिन्ह वापरतो, ते त्या अर्थाने पहिल्यांदा त्याच्या १७०६ च्या पुस्तकात आले. त्याला लंडनमध्ये मुलगा झाला, त्याचेही नाव विल्यम. बेटावरची रीत चालू असती तर हा विल्यमचा मुलगा, म्हणून विल्यम विल्यम्स झाला असता. पण लंडनमध्ये तोवर नाव गोठले होते. तोही जोन्सच राहिला. कलकत्त्यास न्यायाधीश म्हणून आलेले, १७८४ साली एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे आणि संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे नाते जगापुढे मांडणारे सर विल्यम जोन्स ते हेच. अँगलसीच्या शेतकऱ्याचे नाव अशा रीतीने नातवाबरोबर कलकत्त्यास आले. या एका घरात बाप आणि मुलगा यांच्या दरम्यान उपनावाचे आडनाव झालेले आपल्याला डोळ्यांनी पाहता येते.

कारकुनाच्या लेखणीतून राजेही सुटले नाहीत. इंग्लंडचा राजा सातवा हेन्री याचा आजा वेल्श होता. त्याचे पूर्ण नाव ओवेन अप् मॅरेडिथ अप् ट्यूडर. बापाचे नाव धरले असते तर ते घराणे मॅरेडिथ म्हणून इतिहासात गेले असते. इंग्रजांत आजाचे नाव रुळले, आणि आपण शाळेत ट्यूडर घराणे शिकलो.

नावे थोडी आणि माणसे पुष्कळ झाली की लोक पुन्हा उपनावे काढतात. वेल्समधल्या खेड्यांत दूधवाला जोन्स, पाववाला जोन्स, टपालवाला जोन्स अशी ओळख चालू राहिली. चारशे वर्षांनी चक्र फिरून पुन्हा मूळ जागी आले. पलटणीत आकडे लावीत. १८७९ साली दक्षिण आफ्रिकेत रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या दोन जोन्सांना इतिहास आजही त्यांच्या क्रमांकांनी ओळखतो : ५९३ जोन्स आणि ७१६ जोन्स. अलीकडच्या काळात कित्येक वेल्श कुटुंबांनी जाणूनबुजून 'अप्' परत घेतला आहे. जे नाव लेखणीने काढून नेले, ते ती माणसे लेखणीनेच परत लिहून घेत आहेत.

स्कॉटलंडमध्ये तिसराच प्रकार दिसतो. सखल भागात इंग्लंडसारखीच व्यवस्था, आणि एकंदर स्कॉटलंडमध्येही पहिला स्मिथच. पण उत्तरेच्या व पश्चिमेच्या डोंगरांत मॅकडोनाल्ड, मॅकेन्झी, मॅकलाउड, कॅम्बेल यांचे राज्य आहे. मॅक म्हणजे मुलगा. मॅकडोनाल्डांचा मूळपुरुष डोनाल्ड हा ११६४ साली मारल्या गेलेल्या सोमरलेड या सरदाराचा नातू. आज जगभर पसरलेले सारे मॅकडोनाल्ड त्याचे वंशज काय? नव्हेत. डोंगरी मुलखात कुळाचा नायक हाच जमिनीचा धनी आणि हाच पाठीराखा. त्याच्या जमिनीवर राहणारा, त्याच्या आज्ञेत असणारा माणूस त्याचे नाव लावी. तिथले आडनाव रक्तापेक्षा आश्रय सांगत होते.

आणि जे नाव आश्रय देते, तेच जिवावरही उठू शकते. १६०३ साली सहाव्या जेम्सच्या मंत्रिमंडळाने मॅकग्रेगर हे नाव लावण्यास बंदी केली. बंदी मोडणाऱ्यास देहान्त शिक्षा. दंगेखोर माणसांना शिक्षा करण्याऐवजी त्यांचे नावच नाहीसे करावयाचे, असा तो न्याय होता. लोकांनी शेजाऱ्यांची, धन्यांची, आजोळची नावे घेतली. वॉल्टर स्कॉटने कादंबरीत अमर केलेला रॉब रॉय मॅकग्रेगर आईचे कॅम्बेल हे नाव लावीत असे. मध्यंतरी एकदा उठवलेली ही बंदी पुन्हा लादली गेली आणि १७७४ साली कायमची रद्द झाली. एवढ्या वर्षांत कॅम्बेल, ड्रमंड, मरे या आडनावांत किती मॅकग्रेगर मुरून गेले असतील, त्याचा हिशेब कोण करणार?

आडनाव म्हणजे रक्त या समजुतीची परीक्षा आता प्रयोगशाळेतही झाली आहे. पुरुषाच्या शरीरातले वाय नावाचे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, अगदी आडनाव जाते तसे. २००० साली ऑक्सफर्डचे प्राध्यापक ब्रायन साइक्स यांनी आपल्याच आडनावाच्या माणसांचे नमुने तपासले. साइक्स हे यॉर्कशरचे, शेताच्या हद्दीवरच्या ओहळावरून आलेले आडनाव. तपासलेल्या साइक्सांपैकी निम्म्याला थोडे कमी एवढ्यांत एकच खूण सापडली. बाकीच्यांत ती नव्हती : कुठे दत्तक, कुठे आईचे नाव, कुठे लपवलेली गोष्ट. पुढे लेस्टर विद्यापीठात झालेल्या कामात असे दिसून आले की, विरळ आडनावाचे लोक पुष्कळदा एका पुरुषाचे वंशज निघतात. स्मिथसारख्या दाट आडनावाच्या लोकांत मात्र असे नाते आढळत नाही. आपले गृहीत इथे नेमके उलटे झाले. आडनाव जितके मोठे, तितके घराणे लहान.

या साऱ्या नकाशात निम्मी माणसे दिसत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. जुन्या वेल्समध्ये बाई लग्नानंतरही 'अमक्याची मुलगी' म्हणून आपले नाव चालवी. स्कॉटलंडमध्येही तिचे माहेरचे नाव दस्तऐवजांत आणि थडग्यांवर राही. इंग्लंडात मात्र ते लग्नाच्या वहीत पुसले जाई. तिथल्या आडनावांची वंशावळ ही बापांची वंशावळ आहे. आया तीत फक्त मधूनमधून, मॅकग्रेगरांसारखा प्रसंग ओढवला म्हणजे, दिसतात.

नकाशा अजून पुरा झालेला नाही. आज ब्रिटनमधल्या पहिल्या शंभर आडनावांत पटेल बसले आहे. गुजरातेतून पूर्व आफ्रिकेत गेलेले, आणि १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकलल्यावर लेस्टर-लंडनला आलेले अनेक पटेल त्यांत आहेत. आपला पाटील आणि गुजरातचा पटेल हे शब्द एकाच मुळाचे, आणि ते मूळ गावच्या अधिकाराचे. लोहाराचा स्मिथ झाला, गावमुखीचा पटेल झाला. लंडनच्या यादीत दोघे शेजारी आले.

आता घरी परत येऊ. आपणही आपले नाव, बापाचे नाव आणि आडनाव अशी माळ लिहितो. मधला दुवा वेल्श 'अप्' सारखा दर पिढीला बदलतो, शेवटचा गोठलेला असतो. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहिण्याची पद्धत घातली आहे. कारकुनाची लेखणी पुन्हा एकदा चालली, आणि या वेळी पुसण्यासाठी नव्हे, लिहिण्यासाठी चालली. तेव्हा पुढच्या वेळी पाहुण्याला आडनाव विचारावे जरूर. मात्र उत्तर आले म्हणजे एवढे ध्यानात ठेवावे की, ते त्याचे रक्त किंवा योग्यता सांगत नाही. त्याच्या कोणा पूर्वजाला, कोणा एका दिवशी, कोणा लिहिणाऱ्याने काय म्हणून ओळखले, एवढेच ते सांगते. माणूस कोण, हे विचारायचे त्यानंतरही बाकीच असते.